दारूखाना गेला, धोका तेवढा उरला

दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघाले की आमच्या मानोऱ्यातल्या वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. कुणी ऊसतोडीला जातो, कुणी पुण्याकडे बांधकामावर, कुणी नागपूरच्या बाजूच्या कंपन्यांत. गेल्या हंगामात विहाराशेजारी राहणाऱ्या एक ताई मुलीची कागदपत्रे पिशवीत घालून आमच्याकडे आल्या. आमच्याकडे लोक अर्ज लिहून घ्यायला येतात, त्यामुळे दाखला किंवा शिष्यवृत्तीचे काम असेल असे वाटले. पण ताईंचा प्रश्न वेगळाच होता.

"भाऊ, ठेकेदार म्हनते, नागपूरच्या बाजूले कंपनीत काम हाय. दारू भराचं काम म्हनते. पोरीले पाठवू का नको?"

जवळ बसलेल्या एका पोराला हसू फुटले. "देशी भरायची का विदेशी, मावशी?" असे तो म्हणाला. ताई हसल्या नाहीत. विहारात पंचशील घेताना आपण जी दारू वर्ज्य करतो ती ही नव्हे, हे त्यांना ठाऊक होते. ही दारू बंदुकीची, सुरुंगाची, तोफेची. एका ठिणगीने माणसाचा कोळसा करणारी. आणि घरात कमावते माणूस दुसरे नव्हते.

आम्ही त्यांना लगेच उत्तर देऊ शकलो नाही. दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त होऊन गावी परतलेले एक आजोबा आमच्या वस्तीत आहेत. त्यांच्याकडे ताईंना घेऊन गेलो. त्या रात्री जे बोलणे झाले आणि त्यानंतर आम्ही जे वाचून पाहिले, ते आपल्या घराघरांत पोचावे म्हणून हा लेख.

तुराटीचा कोळसा आणि लोणारचा शोरा

बंदुकीची काळी दारू म्हणजे तीन वस्तूंचे मिश्रण. शोरा, गंधक आणि कोळसा. त्यात सुमारे तीन चतुर्थांश शोराच असतो. कोळसा हलक्या लाकडाचा लागतो. आपल्याकडे त्यासाठी तुरीच्या झाडाचा, म्हणजे तुराटीचा, कोळसा वापरीत. आमच्या भागात आजही शेताच्या बांधावर तुराट्यांचे ढीग दिसतात. चुलीत घालण्यापलीकडे त्यांची किंमत कुणी करीत नाही, पण एके काळी राजांच्या लढाया त्या कोळशावर चालत होत्या.

शोरा म्हणजे मातीतून काढलेला क्षार. जुन्या गोठ्यांची आणि पडक्या भिंतींची माती पाण्यात मुरवायची, ते पाणी उकळायचे आणि थंड करून स्फटिक काढायचे. हे काम उत्तरेत बिहारकडे नोनिया लोक करीत. हात आणि पाय क्षाराने फाटून जात. पाटण्याचा शोरा डच आणि इंग्रज कंपन्यांनी जहाजे भरभरून युरोपला नेला. तिकडच्या लढायांना आपल्या कष्टकऱ्यांनी उकळलेली माती लागत होती!

आणि आपला वऱ्हाड? अकबराच्या दरबारातील अबुल फजल याने १६ व्या शतकाच्या अखेरीस 'आईन-ए-अकबरी' लिहिली. तीत वऱ्हाडाच्या सुभ्याचे वर्णन आहे. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारबद्दल त्यात नोंद आहे की, तेथे काच आणि साबण यांना लागणारा माल मिळतो, शोऱ्याचे कारखाने आहेत आणि त्यापासून सरकारात चांगला महसूल जमा होतो. म्हणजे दारूगोळ्याचा मुख्य माल आपल्या उंबरठ्यावर तयार होत होता. शोरा काढणाऱ्यांची नावे मात्र त्या ग्रंथात नाहीत. महसुलाची नोंद झाली, पण माती उकळणाराची झाली नाही.

गावातली दारू कशी गेली?

हा धंदा एका दिवसात बुडाला नाही. त्याला तीन बाजूंनी धक्के बसले.

पहिला धक्का कायद्याचा. १८५७ चे बंड इंग्रज विसरले नव्हते. १८७८ साली व्हाइसरॉय लिटन याच्या काळात शस्त्रांचा कायदा झाला आणि १८८४ साली स्फोटकांचा. परवान्याशिवाय दारू करणे, साठवणे आणि विकणे गुन्हा ठरला. स्फोटकांवर देखरेख ठेवणारे सरकारी खाते १८९८ साली सुरू झाले. त्याचे मुख्यालय आज आपल्या नागपुरातच आहे. एका बाजूने पाहता कायदा योग्यच होता, कारण घरात दारू कुटताना कितीतरी झोपड्या उडत असत. पण परवाना मिळतो कुणाला? ज्याच्याकडे जागा, पैसा आणि ओळख आहे त्याला. गावचा गरीब कारागीर तेथेच बाद झाला.

दुसरा धक्का विज्ञानाचा. १८६७ साली आल्फ्रेड नोबेलने डायनामाइटचे पेटंट घेतले. पुढे तोफा-बंदुकांसाठी धूर न करणारी कॉर्डाइट ही नवी दारू निघाली. तिचा कारखाना निलगिरीतील अरुवनकाडू येथे २० व्या शतकाच्या सुरुवातीला उभा राहिला. शोऱ्याला चिली देशातील खनिजाने आणि नंतर जर्मनीतील रासायनिक कृतीने मागे टाकले. काळी दारू लष्करातून मागे पडत गेली.

तरी गावात ती बरेच दिवस टिकली. आमच्या भागात रानडुकरापासून पीक राखायला ठासणीची बंदूक, म्हणजे भरमार, काही घरांत परवान्यावर असे. विहिरी खोदतानाही दारू लागे. आपली जमीन वरून काळी आणि खाली काळा पाषाण. वडार बांधव सब्बल-घणाने दगडाला भोक पाडीत, दारू ठासून वात लावीत आणि "बार लागलाऽऽ" अशी आरोळी देत. सारे रान पळे. आमच्या लहानपणी ही आरोळी आम्ही ऐकलेली आहे. नंतर जिलेटिनचा तोटा आला आणि ट्रॅक्टरवरचे यंत्र आले. ठासणीच्या दारूचे काम संपले.

तिसरा धक्का बाजाराचा. लग्नात आणि जत्रेत उडवायची शोभेची दारू पूर्वी जवळपासचे आतषबाज करीत. तामिळनाडूतील शिवकाशीच्या कारखान्यांनी देशभर स्वस्त फटाके ओतले आणि हे कारागीर उठले. मराठी मुलखात धाराशिव जिल्ह्यातील तेरखेडा हे फटाक्यांचे गाव म्हणून नावाजले गेले. तेरखेड्याचे तोटे आजही प्रसिद्ध आहेत. पण शिवकाशीची स्पर्धा, वारंवार झालेले स्फोट आणि फटाक्यांवर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने घातलेली बंधने यांतून अशा छोट्या धंद्यांना वाट काढावी लागते. अशा कारखान्यांत दारू कुटणारे आणि वाती भरणारे हात कुणाचे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

मुंबईचा दारूखाना

गावातून दारू हटली आणि ती सरकारच्या मोठ्या कारखान्यांत गेली. मुंबईत कंपनी सरकारने १८ व्या शतकात माझगावला किल्ल्याबाहेर दारूच्या गिरण्या घातल्या. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे नातेवाईक रे रोड, डॉकयार्ड रोड आणि शिवडी या बाजूला राहत आलेले आहेत. त्यांना दारूखाना हे नाव माहीत आहे. ते नाव या दारूवरून आले. तेथील धक्क्याला पावडर बंदर म्हणतात आणि माझगावात गनपावडर रोड अजून आहे.

दारूचा तो कारखाना केव्हाच गेला. त्या जागेवर भंगारचा बाजार बसला आणि जुनी जहाजे तोडण्याचे काम सुरू झाले. १९७१ च्या युद्धात गाजलेली विक्रांत ही विमानवाहू युद्धनौका २०१४ साली भंगारात निघाली. तीही येथेच आणून तोडली गेली. उद्योग बदलला, पण धोक्याचे काम तेथेच राहिले. गॅसच्या ज्योतीने पोलाद कापणारे मजूर दारू कुटणाऱ्या मजुरांच्या जागी आले. आमच्या शीर्षकाचा अर्थ ज्याला डोळ्यांनी पाहायचा असेल त्याने एकदा दारूखान्यातून फेरी मारावी.

बंदूक काढून घेतली, काडतूस भरायला बोलावले

आता आपल्या इतिहासाकडे येऊ. कंपनीच्या मुंबई लष्करात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार लष्करातलेच. पण १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी आणि नंतर शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी झाली, आणि गरज संपताच १९२१ साली मोडली. महार रेजिमेंट कायमची उभी राहिली ती १९४१ साली.

लष्कराचे दार बंद झाले तेव्हा आपली माणसे कुठे गेली? रेल्वेत, गोदीत, गिरण्यांत आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत. खडकीला १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला होता. तेथे आणि पुढे देहूरोडच्या लष्करी भांडारात आपले पुष्कळ लोक कामाला लागले. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. मुंबईच्या कापड गिरण्यांत जास्त पगाराचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. बाबासाहेबांनी हा प्रश्न १९२८-२९ च्या संपाच्या वेळी धसास लावला. सूत ओढायला आपला विटाळ होता. पण दारू भरायला? दारू भरायला कुणाला विटाळ झाला नाही!

आजोबा त्या रात्री हेच त्यांच्या भाषेत म्हणाले, "बाबू, दारूले जात ठाऊक नसते. ठिनगी पडली का साऱ्याईले सारखी. म्हनून त्या कामाले आपली जात कोनं इचारली नाई."

कायम नोकरीचे दिवस

पण नुसता धोका पत्करून आपण वर आलो नाही. धोक्याच्या कामाला हक्काची जोड मिळाली म्हणून वर आलो, आणि ती जोड बाबासाहेबांनी दिली. २० जुलै १९४२ रोजी ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. १९४३ साली केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. १९४६ साली त्या १२.५ टक्के झाल्या. १९४६ च्याच कायदादुरुस्तीने कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. दारूगोळ्याचे कारखाने केंद्र सरकारचे. तेव्हा या साऱ्याचा लाभ तेथल्या कामगाराला मिळाला.

१९६० च्या दशकात विदर्भात मोठे कारखाने आले. भंडाऱ्याजवळ जवाहरनगर, चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती, नागपूरला अंबाझरी. खानदेशात वरणगाव. पुलगावला दारूगोळ्याचे भांडार आधीपासून होते. आयटीआय झालेला मुलगा तेथे लागला की पुऱ्या खानदानाचे दिवस पालटत. क्वार्टर मिळे, दवाखाना मिळे, मुलांना शाळा मिळे, म्हातारपणी पेन्शन मिळे. या वसाहतींतून जयंती मंडळे निघाली, विहारे बांधली गेली, वाचनालये चालली. देहूरोडच्या विहारात तर २५ डिसेंबर १९५४ रोजी खुद्द बाबासाहेबांच्या हस्ते भगवान बुद्धांच्या मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. धम्मदीक्षेच्या सुमारे दोन वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

आजोबांनी ताईंना कामाची रीत सांगितली. ज्या इमारतीत स्फोटके हाताळतात तिला 'डेंजर बिल्डिंग' म्हणतात. तिच्याभोवती मातीचा उंच बांध असतो, म्हणजे एक उडाली तरी शेजारची वाचावी. दारात झडती होते. बिडी, माचीस, किल्ली काहीही आत नेता येत नाही. कपडे सुती, बूट वेगळे, अवजारे ठिणगी न पडणारी. आत किती माणसे राहायची आणि किती माल ठेवायचा याचा आकडा भिंतीवर लिहिलेला असतो. "त्या आकड्यापेक्षा एक मानूस जास्त झाला का आमी काम थांबवत होतो," आजोबा म्हणाले. "साहेब रागवे. पन युनियन होती मांगं."

वाचकहो, हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. भिंतीवरचा आकडा सगळीकडे असतो. तो आकडा पाळा म्हणून सांगण्याची हिंमत कायम कामगाराकडे असते, कारण उद्या त्याला कुणी काढून टाकू शकत नाही.

२०२१ नंतर

१ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्र सरकारने आयुध निर्माणी मंडळ मोडले आणि ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले. दारूगोळ्याचे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या पुण्यातील कंपनीकडे गेले. कामगार संघटना संपाच्या तयारीत होत्या, तर संरक्षण उत्पादनात संपबंदी करणारा वटहुकूम ३० जून २०२१ रोजी आधीच काढला गेला. या कंपन्या सरकारच्याच आहेत, राखीव जागाही आहेत, हे आम्ही मान्य करतो. पण आता या कारखान्यांत 'डेंजर बिल्डिंग वर्कर'च्या जाहिराती मुदतीच्या करारावर निघतात. आधी एक वर्ष, मग वाढले तर वाढले. काम तेच, बांध तोच, दारू तीच. नोकरी मात्र कायम नाही.

दुसरीकडे नागपूर परिसरात खाजगी स्फोटक कारखाने वाढले. खाणींना, रस्त्यांना आणि लष्करालाही त्यांचा माल जातो. म्हणजे दारूचा उद्योग आपल्या भागातून गेलाच नाही. जी उतरती कळा लागली ती गावच्या कारागिराला आणि नंतर कायम कामगाराला.

अपघातांची यादी आम्ही जड मनाने देतो. ३१ मे २०१६ रोजी पुलगावच्या भांडाराला आग लागली. पंधराहून अधिक माणसे गेली, त्यांत आग विझवणारे जवान पुष्कळ होते. २० नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच भागात जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला. सहाजण गेले, त्यांत ठेकेदाराकडचे मजूर होते. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगावजवळच्या खाजगी कारखान्यात नऊजण गेले, त्यांत सहा महिला. १३ जून २०२४ रोजी धामणा येथील कारखान्यात स्फोट झाला. मृतांत बहुतेक तरुण मुली होत्या. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या सरकारी कारखान्यात आठ कामगार गेले.

सरकारी कारखान्यातही माणसे मरतात, हे यावरून दिसते. कुणी म्हणेल, मग फरक काय? फरक असा की, कायम कामगार गेला तर त्याच्या घराला पेन्शन असते, अनुकंपेचा अर्ज करता येतो, पाठीशी संघटना असते. ठेकेदाराची मजूर गेली तर तिची आई गेटसमोर उभी राहते आणि मुलगी येथे कामाला होती हेच आधी सिद्ध करावे लागते.

ताईंना आम्ही काय सांगितले

"जाऊ नका" असे आम्ही म्हणालो नाही. ज्याच्या घरात दाणा नाही त्याला घरी बस म्हणण्याचा आम्हांला अधिकार नाही. आजोबा आणि आम्ही मिळून काही गोष्टी कागदावर लिहून दिल्या. त्या येथेही देतो.

मुलीचे वय १८ पूर्ण नसेल तर स्फोटकांच्या कामावर पाठवू नये. ठेवणाऱ्यावर गुन्हा होतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांतील काही तरतुदींवर कामगार संघटनांचे आक्षेप आहेत, पण प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देण्याचे बंधन त्यांत आहे. ते पत्र मागावे. त्यावर कंपनीचे नाव आहे की ठेकेदाराचे, कामाचे स्वरूप काय, पगार किती, हे वाचून घ्यावे. विमा कार्डाचा आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक घरी वहीत उतरवून ठेवावा. कामाच्या आधी प्रशिक्षण किती दिवस, हे विचारावे. पहिल्याच दिवशी थेट दारूवर बसवत असतील तर परत यावे. आणि ज्यांना या कामातच पुढे जायचे आहे त्यांनी आयटीआयमधील केमिकल प्लांट ऑपरेटरचा अभ्यासक्रम, ज्याला एओसीपी म्हणतात, तो करावा. सरकारी कारखान्यांच्या भरतीत त्याची विचारणा होते.

दुसऱ्या दिवशी ताईंनी ठेकेदाराला नियुक्तीपत्राचे विचारले. "पत्रबित्र तिकडे गेल्यावर पाहू," असे म्हणून तो निघून गेला आणि परत आला नाही. ताईंची मुलगी सध्या गावातच मजुरीला जाते. जूनमध्ये आयटीआयचा अर्ज भरायचा असे ठरले आहे. पण शेजारच्या गल्लीतल्या दोन मुली त्याच जीपमध्ये बसून गेल्या. त्या कोणत्या कारखान्यात आहेत हे त्यांच्या आयांनाही नीट सांगता येत नाही.

म्हणून आमची सर्व विहार समित्यांना आणि महिला मंडळांना विनंती आहे. वर्गणीची वही आपण ठेवतोच. तिच्या शेजारी आणखी एक वही ठेवा. वस्तीतून कामाला गेलेल्या प्रत्येक मुला-मुलीचे नाव, कारखान्याचे नाव, ठेकेदाराचे नाव, फोन नंबर आणि गेल्याची तारीख तीत लिहा. लोणारची माती उकळणाऱ्यांची नोंद कुणी ठेवली नाही. आपल्या पोरींची नोंद निदान आपण तरी ठेवू या. आमच्या विहारात येत्या पौर्णिमेपासून ही वही सुरू होत आहे. पहिली दोन नावे त्या दोन मुलींची असतील.

जयभीम.